टिचबटणाचे गणित

हाताने चामड्याचे पाकीट किंवा पिशवी तयार करताना सर्वाधिक वेळ जातो तो कापणी, शिलाई आणि कडा घोटून गुळगुळीत करण्यात. टिचबटण लावायला मात्र दोन मिनिटेही लागत नाहीत. तरीही पुढे ती वस्तू वापरातून बाद होते ती अनेकदा याच दोन मिनिटांच्या कामामुळे. बटण सैल पडते, टोपी निसटते, झाकण आपोआप उघडते किंवा दोन्ही भाग एकमेकांत बसतच नाहीत. शिलाई उसवली तर पुन्हा घालता येते, रंग उडाला तर पुन्हा लावता येतो. चामड्याला पाडलेले भोक मात्र बुजत नाही. त्यातच बटण बहुधा सर्वांत शेवटी, वस्तू जवळजवळ पूर्ण झाल्यावर लावले जाते. त्यामुळे काही रुपयांच्या बटणातली चूक कित्येक तासांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते.

अलीकडे शहरांत छंद म्हणून किंवा घरगुती व्यवसाय म्हणून चामड्याचे काम करणाऱ्यांची नवी पिढी तयार झाली आहे. पाकिटे, चष्म्याची घरे, किल्ल्यांचे पट्टे, लॅपटॉपच्या पिशव्या अशा वस्तू प्रदर्शनांतून आणि इंटरनेटवरून विकल्या जातात. या मंडळींना बटण बसत नाही तेव्हा पहिला संशय स्वतःच्या हातावर येतो आणि मग हातोडा अधिक जोराने मारला जातो. वास्तविक दोष बहुतेक वेळा जोराचा नसून जुळणीचा असतो. बटण, त्याची नळी, चामड्याची जाडी, भोक आणि ठोकण्याचे साधन या पाच गोष्टींची मापे एकमेकांशी जुळली, तर बटण माफक ठोक्यातही पक्के बसते. ती जुळली नाहीत, तर कितीही ठोकले तरी उपयोग होत नाही.

हातमोज्यांपासून पाकिटापर्यंत

टिचबटणाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे. जर्मनीतील हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ साली पुरुषांच्या विजारींसाठी अशा बटणाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, फ्रान्समधील ग्रेनोबल येथील आल्बेर-पिएर रेमाँ यांनी हातमोज्यांसाठी दाबबटणाचे पेटंट घेतले. ग्रेनोबल हे त्या काळी चामडी हातमोज्यांचे मोठे केंद्र होते. पातळ, मऊ चामड्यावर सुई-दोऱ्याविना पक्के बसणारे बटण ही त्या धंद्याची गरज होती. म्हणजे टिचबटण आणि चामडे यांचे नाते अगदी आरंभापासूनचे आहे. १९०३ साली हान्स प्रिम यांनी बटणात पितळी तारेची स्प्रिंग आणली आणि बटण सहज उघडूनही घट्ट राहू लागले. आज वापरात असलेल्या एका मोठ्या प्रकाराचे मूळ या स्प्रिंगमध्ये आहे.

बटणांची मापे सांगताना व्यापारात ‘लाइन’ हा शब्द वापरतात, तोही जुन्या फ्रेंच मापातून आलेला. बटणांच्या व्यवहारात एक इंच म्हणजे ४० लाइन. त्यामुळे ‘लाइन २०’ म्हणजे सुमारे १२.७ मिलिमीटर आणि ‘लाइन २४’ म्हणजे सुमारे १५.२ मिलिमीटर. हे माप साधारणपणे वर दिसणाऱ्या टोपीच्या व्यासाचे असते. आतील नळी किती लांब आहे, हे त्यावरून कळत नाही. खरेदीतील पहिली फसगत येथेच होते.

चार भागांचे कुटुंब

चामड्यावर वापरल्या जाणाऱ्या टिचबटणाचे चार भाग असतात. झाकणाच्या बाहेर दिसते ती टोपी. तिच्या मागे एक पोकळ नळी असते. झाकणाच्या आतल्या बाजूने त्या नळीवर बसते ती मादी. पिशवीच्या अंगावर बसतो तो नर, आणि मागून त्याला धरून ठेवणारी, नळी असलेली चकती म्हणजे बूड. टोपी व मादी ही एक जोडी, बूड व नर ही दुसरी. प्रत्येक जोडीत चामडे मध्ये दाबले जाते. नळीचे टोक पसरून बाहेरच्या बाजूला वळते आणि समोरच्या भागाला कायमचे पकडते.

हे चारही भाग एकाच उत्पादकाचे आणि एकाच मालिकेचे असणे आवश्यक असते. एका मालिकेतील नर दुसऱ्या मालिकेच्या मादीत बसल्यासारखा वाटतो. परंतु मानेच्या जाडीत अगदी थोडा फरक असला तरी बटण एक तर सुटत नाही किंवा टिकत नाही. घाऊक बाजारात बटणे ग्रोसने, म्हणजे बारा डझनांच्या हिशेबाने मिळतात. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळ्या दुकानांतून थोडी थोडी बटणे घेऊन एकाच डब्यात भरली, की पुढे कोणती टोपी कोणत्या नराची, हे ओळखणे अवघड होते. प्रत्येक मालिका वेगळ्या डबीत, ठोकणीसह ठेवावी, हा साधा नियम पुष्कळ मनस्ताप वाचवतो.

स्प्रिंग की कडे?

मादीच्या आत डोकावले तर बटणाचा प्रकार कळतो. काहींत दोन बारीक तारा समोरासमोर दिसतात. ही स्प्रिंगची बटणे होत. ती हलक्या ओढीने उघडतात; त्यामुळे पातळ चामड्याची पाकिटे, कार्डांची घरे, सतत उघडझाप होणारे कप्पे यांसाठी ती योग्य. दुसऱ्या प्रकारात मादीच्या आतल्या कडेने एक चिरलेले कडे बसवलेले असते. नर आत शिरताना ते किंचित फाकते आणि मानेभोवती पुन्हा मिटते. अशा बटणांची पकड अधिक घट्ट असते. जाड चामड्याच्या पिशव्या, हत्यारांची म्याने, पट्टे यांसाठी ती घेतात.

घट्ट बटण म्हणजे चांगले बटण, असा समज सार्वत्रिक आहे. तो पूर्णपणे खरा नाही. बटणाची पकड ही चामड्याच्या ताकदीपेक्षा कमीच असावी लागते. एक मिलिमीटर जाडीच्या मऊ शेळीच्या चामड्यावर दणकट बटण बसवले, तर प्रत्येक वेळी उघडताना ताण बटणावर न येता भोकाच्या कडेवर येतो. बटण शाबूत राहते, पण भोक हळूहळू वाढते आणि एके दिवशी टोपी चामड्यातून उपटून येते. म्हशीच्या जाड चामड्यावर नाजूक स्प्रिंगचे बटण लावले, तर उलटा प्रकार होतो: जाड झाकणाला सरळ होण्याची ओढ असते आणि बटण वारंवार आपोआप उघडते.

दातेरी कड्यांची आणखी एक जात बाजारात दिसते. तिचे दात कापडात घुसून पलीकडे वळतात. लहान मुलांचे कपडे व पातळ कापड यांसाठी ती उत्तम. जाड चामड्यात मात्र आखूड दात पलीकडे पोचत नाहीत. प्लास्टिकची बटणे आणि त्यांची पकडीसारखी साधनेही मुख्यतः कापडासाठीच आहेत.

नळीची लांबी

सारे गणित ज्यावर उभे आहे ती गोष्ट म्हणजे नळीची लांबी. नळी चामड्यातून व मादीतून पार होऊन साधारण दीड ते दोन मिलिमीटर वर उरली पाहिजे. एवढेच टोक पसरून नीट वळते. ते कमी उरले, तर वळण्यासाठी धातूच शिल्लक राहत नाही आणि बटण काही दिवसांत सुटते. जास्त उरले, तर नळी पसरण्याऐवजी एका बाजूला मुडपते, मादी तिरकी बसते आणि नर तिच्यात शिरत नाही. ‘ठोकले तरी वाकडेच बसते’ ही तक्रार बहुधा लांब नळीची असते. ‘बसले पण निघून आले’ ही आखूड नळीची.

एक उदाहरण घेऊ. पाकिटाच्या झाकणात १.२ मिलिमीटरचे दोन थर आणि ०.४ मिलिमीटरचे अस्तर आहे. एकूण जाडी २.८ मिलिमीटर झाली. मादीच्या तळाचा अर्धा ते एक मिलिमीटर आणि वळण्यासाठीचे दीड ते दोन मिलिमीटर धरले, तर सुमारे पाच ते पावणेसहा मिलिमीटरची नळी हवी. पाकिटाच्या अंगावर जिथे नर बसायचा आहे, तिथे चामड्याचा एकच थर असेल तर हीच नळी तिथे लांब पडेल. म्हणजे एकाच बटणाच्या दोन बाजूंचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो.

हिशेब जुळत नसेल तर दोन उपाय आहेत. चामडे जाड असेल तर बटणाच्या जागेपुरते ते आतल्या बाजूने रापीने तासून पातळ करावे. चामडे पातळ असेल तर आत चामड्याचीच एक छोटी चकती घालून जाडी वाढवावी. मऊ, ताणल्या जाणाऱ्या चामड्यात ही चकती दुहेरी काम करते: नळीची लांबी भरून निघते आणि भोकाच्या कडेलाही बळ मिळते. काही उत्पादक एकाच बटणासाठी आखूड व लांब अशा दोन्ही नळ्या देतात. दुकानदाराला टोपीचे माप विचारताना नळीचे मापही विचारावे. त्याला ठाऊक नसेल तर साधा व्हर्नियर कॅलिपर जवळ असावा. चामड्याची जाडी मोजायलाही तोच उपयोगी पडतो. परदेशी माहितीपत्रकांत चामड्याची जाडी औंसांत दिलेली असते. तेथे एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर असे धरावे.

भोक, ऐरण आणि ठोकणी

भोक आरीने पाडू नये. आरी तंतू बाजूला सारते. ते पुन्हा मिटू पाहतात आणि नळीभोवती चामडे फुगते. गोल पंचाने चामड्याचा तुकडा स्वच्छ कापून निघतो. भोक नळीच्या बाहेरील व्यासाइतकेच असावे, नळी थोडी दाबून घालावी लागली तर उत्तम. टोपीच्या व बुडाच्या नळीचा व्यास वेगळा असू शकतो, म्हणून दोन्ही मोजावेत. चाकासारखा फिरणारा, अनेक मापांचा पंच घरगुती कामाला सोयीचा असला, तरी त्याचा जबडा आखूड असतो आणि काठापासून दूर तो पोचत नाही. मोठ्या पिशवीसाठी सुट्या मापांचे पंच घ्यावेत. पंचाखाली लाकडाचा ठोकळा किंवा जाड प्लास्टिकचा पाट ठेवावा. लोखंडावर किंवा फरशीवर ठोकल्यास पंचाची धार पहिल्याच दिवशी जाते.

बटण बसवताना मात्र खालचा आधार कठीणच हवा. टोपी घुमटाकार असेल तर तिच्या आकाराची खोलगट ऐरण लागते. सपाट लोखंडावर ठेवून ठोकल्यास टोपी चेपते व चकाकी जाते. बूड सपाट असल्यामुळे त्याला सपाट आधार चालतो. वरून ठोकण्यासाठी सेटर नावाची पोलादी ठोकणी असते. मादीची ठोकणी आणि नराची ठोकणी या वेगवेगळ्या असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मादीच्या ठोकणीचे टोक निमुळते असते. ते स्प्रिंगच्या दोन तारांमधून जाऊन फक्त नळीवर टेकले पाहिजे. रुंद टोकाने तारा चिरडतात. नराच्या ठोकणीच्या टोकाला मध्यभागी निमुळता उंचवटा आणि भोवती खोबण असते. त्यामुळे नळी पसरते, पण नराचा काठ सुरक्षित राहतो. तो काठ किंचित जरी चेपला, तरी मादीत शिरल्यावर होणारा ‘टिच’ आवाज कायमचा बंद होतो.

हातोडा की प्रेस?

ठोकणी आणि हातोडा ही सर्वांत स्वस्त सोय. हातोडा लोखंडी नसावा. लाकडी मोगरी किंवा कच्च्या चामड्याचा, प्लास्टिकचा हातोडा वापरल्यास ठोकणीचे डोके पसरत नाही आणि धक्का आवरता येतो. एकच जबर घाव घालण्याऐवजी मध्यम जोराचे दोन-तीन ठोके द्यावेत, ठोकणी काटकोनात धरावी आणि प्रत्येक ठोक्यानंतर बटण बोटांनी फिरवून पाहावे. ते फिरायचे थांबले की ठोकणे थांबवावे. त्यानंतरचा प्रत्येक ठोका नुकसानच करतो.

महिन्याला काही डझन बटणे लावायची असतील तर दांड्याने चालणारा हातप्रेस परवडतो. त्यात दाब सरळ खाली येतो, ठोकणी तिरकी होण्याचा प्रश्न राहत नाही आणि शंभरावे बटण पहिल्यासारखेच बसते. सदनिकेत राहणाऱ्यांना आणखी एक सोय म्हणजे रात्री काम करताना खालच्या मजल्यावरून तक्रार येत नाही. मात्र प्रेस घेतला की काम संपत नाही. खरी किंमत असते ती त्यात बसणाऱ्या डायांची. प्रत्येक मालिकेच्या बटणाला स्वतंत्र डाय लागते. निरनिराळ्या प्रेसच्या डायांचे आटेही निरनिराळे असतात. म्हणून आधी बटण ठरवावे, मग त्याची डाय कोणत्या प्रेसमध्ये बसते ते पाहावे आणि शेवटी प्रेस घ्यावा. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात. प्रेसच्या गळ्याची खोलीही मोजून घ्यावी. काठापासून किती आत बटण लावता येईल, हे तिच्यावर अवलंबून असते.

धातूची पारख

पितळेची बटणे महाग असली तरी नळी मऊ असल्यामुळे ती फाटल्याविना वळते आणि गंजत नाही. लोखंडावर मुलामा दिलेली बटणे दिसायला तशीच असतात. परंतु ठोकताना वळणावरचा मुलामा तडकतो आणि मुंबई-कोकणाच्या पावसाळी हवेत गंज तेथूनच सुरू होतो. गंजाचा डाग चामड्यावर उतरला की निघत नाही. दुकानातच टोपीला छोटे लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले तर टोपी लोखंडी. पितळेलाही एक खोड आहे. बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याला तेल व चरबी पाजलेली असते. तिच्याशी संयोग होऊन पितळेवर हिरवट थर चढतो. तो कोरड्या फडक्याने पुसून निघतो, वस्तूला धोका नसतो.

बटण अंगाला सतत लागणार असेल, उदाहरणार्थ मनगटी पट्ट्यावर, तर निकेलचा विचार करावा. काहींच्या त्वचेला निकेलमुळे खाज व पुरळ येते. युरोपीय संघाने १९९४ मध्ये यावर निर्देश काढला. त्वचेशी दीर्घकाळ संपर्कात राहणाऱ्या वस्तूंतून दर आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल बाहेर पडू नये, अशी मर्यादा तेथे आहे. युरोपात माल पाठवू इच्छिणाऱ्या छोट्या उत्पादकांनी बटण घेतानाच पुरवठादाराकडे याची खात्री करून घ्यावी.

जागा ठरवताना

टिचबटण आडव्या ओढीला चांगले तोंड देते. काठाकडून वर उचलल्यावर मात्र ते सहज उघडते. तेच त्याचे काम आहे. म्हणून वस्तूचा ताण बटणावर आडवा येईल आणि बोट मात्र काठाखाली जाईल, अशी रचना करावी. टोपीपलीकडे अंगठ्याने धरण्यापुरते चामडे सोडावे. अगदी काठाशी लावलेले बटण उघडताना चामड्याऐवजी टोपीच ओढली जाते.

दुसरी बाजू नेहमी वस्तू भरून ठरवावी. रिकाम्या पाकिटावर अचूक जुळलेले बटण नोटा आणि कार्डे भरली की पोचत नाही. आधी झाकणावर टोपी व मादी लावावी, पाकिटात रोजचा ऐवज भरावा, झाकण मिटून दाबावे आणि मादीचा ठसा उमटेल तेथे नराचे भोक पाडावे. पिशवीच्या आतील अंगावर नर लावायचा असेल तर तो शिलाईपूर्वीच लावावा लागतो, कारण नंतर ऐरण आत शिरत नाही. अशा वेळी तेवढ्याच जाडीच्या चामड्याचा किंवा पुठ्ठ्याचा नमुना करून, तो भरून, जागा आधी निश्चित करावी.

चुकलेले बटण ओढून काढू नये. वळलेली नळी कापणाऱ्या पकडीने थोडी थोडी तोडावी किंवा कानशीने घासून काढावी. चामडे शाबूत राहिले असेल तर पुढच्या मापाचे बटण तेथे लावता येते. लाइन २४ ची नळी सहसा लाइन २० पेक्षा जाड असते; भोक थोडे वाढवले की ती बसते आणि मोठी टोपी जुन्या खुणाही झाकते. भोक आधीच फाटले असेल तर मागून चकती चिकटवल्याशिवाय नवे बटण टिकणार नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सर्व मापांचे संच गोळा करण्यापेक्षा एकच मालिका निवडावी: पाकिटे करायची असतील तर लाइन २० ची स्प्रिंगची, पिशव्या करायच्या असतील तर लाइन २४ ची कड्याची. तिची ठोकणी, ऐरण आणि योग्य मापाचा पंच त्याच दुकानातून घ्यावा. मुंबईत धारावीसारख्या चामड्याच्या बाजारात चामड्याच्या कतरणीही विकत मिळतात. प्रत्यक्ष वस्तूसाठी जे थर वापरायचे तेच थर कतरणीचे करून दहा बटणे लावावीत आणि प्रत्येक वीस-पंचवीस वेळा उघडझाप करून पाहावे. दहाही टिकली की मगच पाकिटाला हात लावावा.

ग्राहकालाही हीच पारख उपयोगी पडते. पिशवी घेताना झाकण उलटून मादीच्या आत पाहावे. नळीचे टोक चोहोबाजूंनी सारखे, गोल वळलेले असावे. ते ताऱ्यासारखे फाटलेले किंवा एका अंगाला मुडपलेले असेल तर ते बटण फार दिवस साथ देणार नाही. टोपी दोन बोटांत धरून फिरवावी. ती फिरली, तर शिलाई कितीही देखणी असली तरी विक्रेत्याला बटण बदलून मागावे.